गांधी सेतू, पाटणा: खांब जुने, पूल नवा (बघायला जाणाऱ्यांसाठी)

गाडीत बसून गंगेवरचा गांधी सेतू ओलांडला तर काही कळत नाही. पोलादी ट्रस, म्हणजे त्रिकोणांत जोडलेला सांगाडा, रस्त्याच्या पोटाखाली आहे, वरून दिसतो तो साधा रस्ता. म्हणून आधी पाटण्याच्या बाजूला गायघाटावर जा. जवळचं स्टेशन गुलजारबाग; गांधी मैदानाहून अशोक राजपथाने ऑटो मिळतात, पण सकाळी लवकर निघा, नंतर तो रस्ता तुंबतो. शहराच्या पश्चिमेकडच्या दीघ्याहून येणाऱ्यांनी नदीकाठचा गंगापथ धरावा. पाटणेकर त्याला चक्क 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात.

खालून खांबांचे माथे नीट बघा. १९८२ च्या मूळ पुलात खांब आणि वरची काँक्रीटची पेटी (रस्ता पेलणारी पोकळ तुळई) एकसंध होती. प्रत्येक खांबातून दोन्हीकडे हात पुढे काढलेले आणि शेजारच्या दोन खांबांचे हात १२१ मीटरच्या गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) मध्यावर बिजागरीने जोडलेले. दुखणं तिथेच होतं. काँक्रीट सततच्या भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू दबत, वाकत गेलं, त्याच्या आत ताणून बसवलेल्या केबलींचा ताण उतरला, हातांची टोकं खाली वाकली. वरून जादा भरलेले ट्रक. बिजागरीतली बेअरिंगं झिजून तुटायची, मग प्रत्येक गाळ्यात दणका. बाहेरून जादा केबली ओढूनही पाहिल्या, पण खाली आलेलं टोक त्याने पुरतं वर येत नाही.

शेवटी विहिरींचा पाया (नदीच्या तळात खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या विहिरी) आणि खांब ठेवून वरचं सगळं उतरवलं. दुपदरी असे दोन स्वतंत्र पूल शेजारी असल्यामुळेच हे जमलं: वाहतूक एकावर, काम दुसऱ्यावर. पश्चिमेचा भाग ३१ जुलै २०२० ला खुला झाला, पूर्वेचा ७ जून २०२२ ला. दोन्हींत मिळून सुमारे ६६ हजार टन पोलाद लागलं.

असं काम ज्यांना करायचंय त्यांनी लक्षात ठेवावं, की अवघड भाग उभारणीचा नाही, उतरवण्याचा आहे. हात जसे बांधले त्याच्या उलट क्रमाने, टोकाकडून खांबाकडे, दोन्ही बाजूंनी समान कापत यावे लागतात. एका बाजूचा तुकडा आधी निघाला की तोल बिघडून त्याचा सगळा ताण खांबावर आणि पायावर येतो. शिवाय ताणलेली केबल कापताना तिच्या रेषेत माणूस उभा राहता कामा नये. नवा पोलादी सांगाडा जुन्या काँक्रीटपेक्षा हलका, म्हणून जुन्या पायाला सुटका. मात्र ट्रसचा प्रत्येक सांधा दमट हवेत गंजापासून जपावा लागतो. खालून दुर्बिणीने सांधे आणि रस्त्याच्या पाण्याची पन्हळं तपासा. पन्हळाचं पाणी ट्रसवर ओघळत असेल तर गंज तिथूनच सुरू होतो.

जुलै ते सप्टेंबर जाऊ नका, दिआरा, म्हणजे नदीपात्रातली गाळाची जमीन, पाण्याखाली जातो आणि पिप्यांचे तरंगते पूलही काढून ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यात पुढचा खांब दिसत नाही. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी उत्तम. दिआऱ्यात उतरायचं तर जून २०२५ पासून पाटण्याच्या बाजूच्या कच्ची दरगाहहून दिआऱ्यातल्या राघोपूरला पक्का पूल आहे, होडीची वाट बघायला नको. पुलावर मात्र गाडी थांबवू नका. फोटो घाटावरूनच चांगले येतात.