ऑर्केस्ट्रा मिक्सिंग, नोंद ५: हॉर्नचा जोर कुठे असतो

गेल्या नोंदीत चार मिनिटांची, सॅम्पलमधून (खऱ्या वाद्यांच्या मुद्रित सुरांतून) संगणकावर बांधलेली ऑर्केस्ट्रा रचना अर्धवट मिक्स करून, म्हणजे वाद्यांचा तोल अर्धवट जमवून, थांबले होते. अडचण नेहमीचीच. सुरुवातीला क्लॅरिनेट एकटं वाजतं, खाली व्हायोलांचा पातळ पडदा. ते नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की ५७व्या बारला (बार म्हणजे मात्रांचा एक गट) हॉर्न, ट्रॉम्बोन आणि टिंपनी एकदम येतात आणि हात आपोआप आवाज कमी करायला धावतो. मीटरवर लाउडनेस रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या भागांतलं अंतर, १७ एलयू (लाउडनेस युनिट) दिसत होती. शांत सभागृहात ठीक आहे, पण खोलीत पंखा सुरू असला की पहिलं मिनिट विरून जातं.

म्हणून शनिवारी थेट मास्टरवर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या बेरजेवर, कॉम्प्रेसर टाकला; ठरलेल्या पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वर गेलेला आवाज तो दाबतो. रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (किती लवकर दाबायचं) ५ मिलिसेकंद, रिलीज (किती वेळात सोडायचं) ८०. ड्रमवर मी वापरते तेच आकडे. टिंपनीच्या पहिल्याच ठोक्याला सगळी तंतुवाद्यं खाली बसली आणि पाव सेकंदात फुगून वर आली. ठोका, खड्डा, फुगवटा. शिवाय सॅम्पलमध्ये हॉलची गुंज आधीच मुरलेली आहे, त्यामुळे वाक्य संपलं की मागून तीच वर चढायची.

साइडचेनमधला, म्हणजे कॉम्प्रेसर जे ऐकून दाबायचं ठरवतो त्या सिग्नलमधला, १२० हर्ट्झखालचा भाग कापला, म्हणजे टिंपनी आणि डबल बेसच्या तळावरून कॉम्प्रेसर निर्णय घेणं बंद झालं. रिलीज ४०० पर्यंत नेला. धाप थांबली. आता बोट ठेवावं असं काही उरलं नव्हतं, तरी ५७वा बार खोटा वाटत होता, आणि का ते कळायला मला पूर्ण रविवार लागला.

शेवटी बाकीचं सगळं म्यूट करून फक्त हॉर्न ऐकत बसले. हॉर्न हळू वाजतो तेव्हा गोल, मऊ असतो. जोरात फुंकला की वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे उंच उपसूर) उसळतात आणि आवाजाला पितळेची धारदार कड येते. म्हणजे जोर नुसता पातळीत नसतो, नादाच्या रंगात असतो. कॉम्प्रेसरने पातळी ६ डीबी (डेसिबल) खाली आणली, पण रंग होता तसाच राहिला. कानाला काय पोचलं? कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतंय, पण बंद दाराआड. क्लॅरिनेटचं उलटं झालं होतं: मेकअप गेनमुळे (दाबल्यावर सगळ्याचा आवाज परत वाढवतात, त्यामुळे) हळुवार फुंकर अगदी कानाशी येऊन बसली. इलेक्ट्रिक गिटार किंवा सिंथवर हे इतकं खटकत नाही. ऑर्केस्ट्रात मात्र रंग आणि पातळी यांची फारकत कान लगेच पकडतो.

मग कॉम्प्रेसर काढून टाकला आणि वादनाकडे परत गेले. माझ्या लायब्ररीत (सॅम्पलच्या संग्रहात) सीसी १, म्हणजे कीबोर्डवरचं मॉडव्हील हे ० ते १२७ आकड्यांचं नियंत्रण, हळू वाजवलेल्या सॅम्पलपासून जोरात वाजवलेल्या सॅम्पलपर्यंत नेतं, म्हणजे रंगच बदलतं. सीसी ११ फक्त पातळी हलवतं. (तुमच्या लायब्ररीत ही वाटणी वेगळी असू शकते, आधी तपासून घ्या.) हॉर्नचं सीसी १ पूर्ण आठ बार १२७ला चिकटलेलं होतं. ते १०२वर आणलं आणि १२७ फक्त ६१व्या बारच्या शिखरावरच्या दोन मात्रांसाठी राखलं. क्लॅरिनेट ३८वरून ५५वर नेलं. कॉम्प्रेसर नसताना रेंज १४वर आली, आणि ६१वा बार पहिल्यांदाच ५७व्यापेक्षा मोठा वाटला!

पुढचं काम फेडरचं, म्हणजे हाताने पातळी सरकवण्याचं. ५७व्या बारआधीच्या १२ बारांत सगळं मिळून ३ डीबी हळूहळू खाली आणलं. उतार इतका संथ आहे की कानाला लागत नाही, आणि ५७व्या बारची उडी तेवढीच उंच राहते. कॉम्प्रेसरला हे जमणार नाही. लुकअहेड (आवाज थोडा आधी बघून घेण्याची सोय) असला तरी त्याला पुढचे काही मिलिसेकंदच दिसतात. मला १२ बार आधीपासून माहीत असतं.

आता कुठे कॉम्प्रेसरची पाळी आली. ब्रासच्या (हॉर्न, ट्रॉम्बोनच्या) बसवर, म्हणजे त्यांच्या एकत्र वाटेवर, २:१, सॉफ्ट नी (दाब हळूहळू सुरू होतो), अटॅक ३० मिलिसेकंद, म्हणजे जिभेचा पहिला चावा मोकळा सुटतो. तंतुवाद्यांवर १.५:१. दोन्हीकडे किती दबलं ते दाखवणारी सुई १ ते २ डीबीच्या पुढे जाऊ दिली नाही. वुडविंडवर (क्लॅरिनेटसारख्या वाद्यांवर) काहीच नाही. टिंपनीचा खालचा ए सूर ११० हर्ट्झला घुमत होता, तिथे कॉम्प्रेसरऐवजी डायनॅमिक ईक्यू लावला; तो फक्त तेवढीच कंपनसंख्या, ती जास्त झाली तरच, दाबतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला पॅरलल कॉम्प्रेशनचा, म्हणजे मूळ मिक्समध्ये त्याचीच दाबलेली प्रत मिसळण्याचा. पूर्ण मिक्सची एक प्रत, थ्रेशोल्ड उणे ४० डीबी, रेशो ४:१, मेकअप गेन शून्य. ही प्रत मूळ मिक्सखाली ६ डीबी कमी ठेवून मिसळली. हिशेब करून बघा. थ्रेशोल्डखालच्या हळू भागात प्रत दबतच नाही, म्हणून बेरीज साधारण ३.५ डीबीने वर येते. मोठा भाग उणे १३ला असेल तर प्रत २० डीबीने दबते आणि बेरजेत जेमतेम अर्ध्या डीबीची भर पडते. तळ उचलला जातो, शिखराला धक्का लागत नाही. फक्त दोन्ही वाटांचं लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा उशीर) जुळलेलं हवं, नाहीतर व्हायोलिन नळीतून आल्यासारखी पोकळ ऐकू येतात. आणि तुलना करताना दोन्ही मिक्सचा लाउडनेस सारखा करून घ्या; मोठं ते कानाला चांगलंच वाटतं.

आज रेंज १२ एलयू, इंटिग्रेटेड, म्हणजे पूर्ण रचनेचा सरासरी लाउडनेस, उणे १९ एलयूएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या तुलनेत मोजलेले एलयू). पंखा सुरू ठेवूनही क्लॅरिनेटचा पहिला श्वास ऐकू येतो.

३०व्या बारचं पिझिकाटो (बोटाने तार छेडून वाजवलेले सूर) अजून सुटलेलं नाही. पॅरलल प्रतीमुळे त्याची शेपूट लांबते आणि तारा ओल्या वाटतात. तेवढ्या सहा बारांसाठी प्रत ऑटोमेशनने (आधीच नोंदवून ठेवलेल्या फेडरच्या हालचालीने) खाली घ्यायची की पिझिकाटोला त्या वाटेवर पाठवायचंच नाही, हे पुढच्या शनिवारी दोन्ही करून बघणार आहे. कुणी आधी करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.