पोटमाळ्यावरची चित्रं टोरांटोला नेताना

गिरगावातली आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करायची तारीख ठरली, तसा भावाचा फोन आला, "ताई, तुझ्या चित्रांचं काय ते तूच येऊन बघ." जे.जे. कला महाविद्यालयात शिकत होते तेव्हापासूनचे माझे कॅनव्हास पोटमाळ्यावर पडून होते. टोरांटोत मी एवढी वर्षं रंगवते आहे, पण पहिलं काम सगळं इथेच.

फ्रेमसकट पाठवायचं तर भाडं आकारमानावर लागतं आणि ते परवडणारं नव्हतं. म्हणून स्ट्रेचरचे, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीचे खिळे उपसले, मागची पांढरी बुरशी गॅलरीतल्या उन्हात मऊ ब्रशनं झाडली. नागदेवी स्ट्रीटवरून जाड पीव्हीसी पाइप आणला. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची. ती आत गेली की रंगाचा थर दाबला जातो आणि सुरकुततो. मध्ये ग्लासिन, म्हणजे रंगाला न चिकटणारा गुळगुळीत कागद. बबल रॅप थेट रंगाला टेकवला तर त्याचे गोल ठसे उठतात. भाऊ बघत होता, म्हणाला, "पापड लाटल्यासारखं चाललंय तुझं." लाकडी खोकं मात्र उष्णताप्रक्रिया केल्याचा शिक्का असलेलंच घ्यावं लागलं. साध्या कच्च्या लाकडाला कॅनडात प्रवेश नाही.

मालवाहतूकवाल्यानं मग पुरातत्त्व खात्याचा दाखला मागितला, की ही पुरावस्तू नाहीत. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासारख्यांची चित्रं सरकारनं 'कलानिधी' ठरवली आहेत, त्यांना तर वयाचीही अट नाही. हयात चित्रकाराचं काम मात्र 'कलानिधी' ठरवताच येत नाही, म्हणजे जिवंत असणं माझ्या पथ्यावर पडलं! शीवच्या किल्ल्यापाशी पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे. प्रत्येक चित्राचा फोटो, माप, माध्यम, साल अशी यादी केली. साल आठवेना तिथे कॅनव्हासमागे पेन्सिलीनं लिहिलेला रोल नंबर कामी आला.

यादी करताना एक गोष्ट खटकत राहिली. टोरांटोत माझी चित्रं बघून लोक हमखास विचारतात, यात भारत कुठे आहे? गिरगावात बसून केलेल्या या चित्रांतही तो नव्हता! होत्या त्या पाण्याच्या टाक्या, गच्च्या आणि करडं आभाळ. चित्रकार मोहन सामंत गोरेगावचे. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला स्थायिक झाले, तिथेही सारंगी वाजवत राहिले आणि चित्रात तारा, कागदाचे कापलेले आकार काय वाटेल ते आणत गेले. गोरेगाव दाखवायची सक्ती त्यांनी करून घेतली नाही. मीही आता त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं सोडलंय.

सगळ्यात मोठं चित्र पाइपात मावेना. शेजारच्या वहिनींनी ते नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी मागून घेतलं. फक्त म्हणाल्या, "आभाळ जरा निळं करून दे गं." ते काही मी केलं नाही.