आमची वाटचाल : उंबरठ्याशी थांबणाऱ्या प्रेमकथा

आमच्या पुस्तकविक्रीच्या व्यवसायाला सुरुवात झाली तेव्हा आम्ही सर्व प्रकारच्या इंग्रजी कादंबऱ्या ठेवत असू. आज आमच्याकडे प्रामुख्याने ख्रिस्ती श्रद्धेच्या पार्श्वभूमीवरील ‘क्लीन’, म्हणजे शरीरसंबंधांची वर्णने नसलेल्या, ऐतिहासिक प्रेमकथा मिळतात, आणि हा बदल वाचकांनीच घडवून आणला. ‘आईनंतर मुलीनेही वाचले तर चालेल ना?’ असे विचारून पुस्तक नेणाऱ्या वाचक पुढच्याच महिन्यात त्याच लेखिकेची दुसरी कादंबरी मागू लागल्या. केवळ नको ते प्रसंग गाळले आहेत म्हणून कोणी इतक्या निष्ठेने परत येत नाही. गाळलेल्या जागी काय भरले आहे, यावर या साहित्याची खरी ओढ अवलंबून असते, असे आमचे ठाम मत आहे.

जॅनेट ओक यांची १९७९ साली प्रसिद्ध झालेली ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून देणारी कादंबरी. अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा नवरा वाटेतच अपघातात दगावतो, आणि त्याच्या दफनाच्याच दिवशी क्लार्क हा विधुर आपल्या लहानग्या मुलीला आई हवी म्हणून तिला लग्नाविषयी विचारतो. मन रमले नाही तर वसंतात पूर्वेकडे जाणाऱ्या ताफ्याबरोबर परत पाठवीन, भाडेही मी देईन, असे वचन देऊन तो स्वतः घराला लागून असलेल्या पडवीत झोपतो. लग्न आधी आणि प्रेम मागाहून, असा हा क्रम असल्यामुळे चूल पेटवणे, लाकडे फोडणे, मुलीला झोपवणे अशा कामांतून हळूहळू वाढणारी आपुलकी वाचकाला स्पर्शाच्या वर्णनापेक्षा अधिक गुंतवून ठेवते.

येथे इतिहास केवळ देखाव्यापुरता नसतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळे, पण त्यासाठी पाच वर्षे तेथे राहून ती कसावी लागे. अशा माळरानावर शेजारी मैलोगणती दूर असतो आणि हिवाळा एकट्याने काढणे जिवावर बेतू शकते. म्हणूनच पत्रातून जुळलेले किंवा सोयीसाठी केलेले लग्न त्या जगात पटते. पात्रांचा संयमही त्या काळाच्या रीतिरिवाजांतून आलेला असल्याने तो लेखिकेने वरून लादल्यासारखा वाटत नाही.

श्रद्धेच्या बाबतीत आमची निवड अधिक काटेकोर आहे. नायकाच्या तोंडी पानभर प्रवचन घालायचे आणि शेवटच्या प्रकरणात एका प्रार्थनेने सर्व गाठी सोडवायच्या, अशी पुस्तके आम्ही ठेवत नाही. मूल गमावलेली बाई देवावर रुसते, तिचा रुसवा कित्येक प्रकरणे टिकतो आणि तिला समजावण्याची घाई कोणी करत नाही, अशी कादंबरी मात्र आम्ही आवर्जून सुचवतो, कारण तिथे श्रद्धा हे कथेचे अंग असते.

‘क्लीन’ या शब्दाची मर्यादाही आम्ही सांभाळून सांगतो. फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ ही बायबलमधील होशेय या, बेइमान पत्नीला पुन्हा स्वीकारणाऱ्या संदेष्ट्याच्या कथेवर बेतलेली आणि कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधाच्या काळात घडणारी कादंबरी मनापासून ख्रिस्ती आहे. परंतु तिच्या नायिकेला लहानपणीच वेश्याव्यवसायात विकलेले असते. तेराचौदा वर्षांच्या मुलीसाठी ‘काहीतरी निर्मळ’ मागणाऱ्या आईच्या हाती ती आम्ही देत नाही, आणि क्षमेविषयीची कथा शोधणाऱ्या प्रौढ वाचकाला तिचे नाव सांगितल्यावाचून राहत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी असते. अत्याचार, बालमृत्यू, युद्धातील हिंसा किंवा धर्मांतराचा प्रसंग कथेत असेल तर त्यावर तसे लिहिलेले असते. चिठ्ठी लिहायची म्हणजे पुस्तक पूर्ण वाचावे लागते, त्यामुळे नवी पुस्तके आमच्याकडे सावकाश येतात, आणि जुने वाचक आता त्या चिठ्ठीवरूनच पुस्तक निवडतात.