तलवारीत हरवलेला अर्धा व्होल्ट

मल्टिमीटरचा बीप वाजला की आपण जोड पास करून मोकळे होतो. एलईडीच्या तलवारीत फसगत होते ती इथेच. बऱ्याच मीटरमध्ये वीस-तीस ओहमपर्यंतही बीप वाजतो, आणि पात्यात दीड अँपिअर प्रवाह धावत असताना पाव ओहमसुद्धा फार होतो. तार जोडलेली आहे एवढंच बीप सांगतो. ती लोड पेलते का, हे तलवार पेटलेली असतानाच मोजावं लागतं.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करते. काट्यातल्या लोडसेलला, म्हणजे वजन ओळखणाऱ्या भागाला, पाच व्होल्ट दिले, तर पूर्ण वजन ठेवल्यावर तो साधारण दहा मिलिव्होल्ट परत देतो. एखादा जोड ड्राय, म्हणजे सोल्डर आतून न धरलेला, असेल तर आकडा स्थिर राहतच नाही. त्यामुळे मिलिव्होल्ट मोजायची हाताला सवय आहे, आणि भाच्याची तलवार टेबलावर आली तेव्हा तीच कामी आली.

सोसायटीच्या गणपतीत मुलांचं नाटक आहे, त्यासाठी भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी ही तलवार केली. पातं दुधी अ‍ॅक्रिलिकचं, मूठ पीव्हीसी पाइपची. आत डब्ल्यूएस२८१२बी जातीची, डेटाच्या तारेने प्रत्येक एलईडीचा रंग ठरवता येणारी पट्टी एका धारेने टोकापर्यंत जाते आणि दुसऱ्या धारेने मुठीकडे परत येते. दोन्ही धारांना पंचेचाळीस-पंचेचाळीस एलईडी. मुठीत १८६५० जातीचा एक लिथियम सेल, रंग चालवणारा अर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड आणि स्विच. सगळं सामान तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातलं. मुलांनी काम मनापासून केलेलं दिसत होतं. पण तलवार फिरवली की विझायची, परतीच्या धारेचा पांढरा रंग लालसर दिसायचा आणि मधूनच ती धार एका रंगावर अडकून बसायची.

“मावशी, पूर्ण खोलू का?” भाच्याने विचारलं. म्हटलं, थांब, आधी मोजू. जोड उकलला की त्यातला दोष दाखवणारा पुरावाही जातो.

विझण्याचं कारण सर्वात आधी सापडलं, कारण तलवार स्वतःच ते सांगत होती. नॅनो चालू होताना पातं मुठीकडून टोकाकडे सरसर उजळतं, असा इफेक्ट मुलांनी प्रोग्राममध्ये टाकलाय. प्रत्येक वारानंतर तोच इफेक्ट नव्याने दिसत होता. म्हणजे नॅनोची पॉवरच जात होती, डेटाच्या तारेचा यात संबंध नव्हता. पॉवर क्षणभर तुटते म्हटल्यावर मी सेलचा होल्डर पाहिला. स्प्रिंग पात्याच्या बाजूला होती. तलवार गोल फिरवली की सेल बाहेर, म्हणजे पात्याकडे फेकला जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि मागच्या टोकाचा पक्का संपर्क सुटतो. होल्डर उलटा बसवला, स्प्रिंग मुठीच्या बुडाकडे. आता वार केला की सेल पक्क्या पत्र्यावर आणखी घट्ट बसतो आणि मागून स्प्रिंग त्याला सोडत नाही. होल्डर फिरवला तशा लाल-काळ्या ताराही त्याच्यासोबत फिरल्या, हे लक्षात ठेवून त्या नव्याने ओढून घेतल्या.

मुलांनी थोडा चार्ज साठवून ठेवणारा हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला होता, तरी असं का, हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. कागदावर हिशोब मांडला. दीड अँपिअरच्या लोडला तो कपॅसिटर एक व्होल्ट खाली यायला मिलिसेकंदसुद्धा घेत नाही. चालू करतानाचा धक्का सोसायला तो हवाच, काढू नये. पण सुटलेल्या संपर्काची भरपाई त्याच्याने होत नाही.

लालसर पांढऱ्या रंगाने मात्र खरं काम काढलं. पांढरा लाल, हिरवा आणि निळा मिळून होतो. त्यातल्या निळ्याला तीन व्होल्ट किंवा थोडे जास्तच लागतात, लाल दोनच्या आसपास पेटतो. व्होल्टेज पडलं की आधी निळा मरतो, मग हिरवा, आणि पांढऱ्याचा रंग बदलतो. म्हणून अशी पट्टी तपासताना पांढरा लावावा. ब्राइटनेस कमी करून प्रवाह दीड अँपिअरवर आणला आणि मीटर डीसी व्होल्टवर लावला. सेलच्या दोन टोकांवर ३.९२. पट्टीच्या सुरुवातीला ३.४२. म्हणजे एवढ्याशा मुठीतच अर्धा व्होल्ट हरवत होता.

तो कुठे हरवतो, हे शोधायला काही उकलावं लागत नाही. मीटरची काळी पिन सेलच्या निगेटिव्हवर ठेवली आणि लाल पिन प्लसच्या वाटेने पुढे नेत गेले. स्विचनंतर ३.८८, पट्टीच्या प्लस पॅडवर, म्हणजे तार जोडायच्या ठिपक्यावर, ३.८१. या बाजूला तक्रार फारशी नाही. मग लाल पिन पट्टीच्या ग्राउंड, म्हणजे निगेटिव्ह, पॅडवर ठेवली. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं, आलं ०.३९. ग्राउंडची बाजू सहसा कोणी मोजत नाही. तिथे तुटतं व्होल्टेज तितकंच, शिवाय नॅनोचं शून्य आणि पट्टीचं शून्य वेगळं झाल्याने डेटाही बिघडतो, तो भाग निराळाच.

ग्राउंडच्या वाटेवर एकच संशयित होता: सेल, नॅनो आणि पट्टी यांच्या तीन काळ्या तारा पिळून सोल्डर केलेला जोड. दोन्ही पिना त्याच्या दोन बाजूंना लावल्या, ०.३६. दीड अँपिअरला पाव ओहमच्या जवळ, म्हणजे त्या एका थेंबात अर्धा वॅट उष्णता. भाच्याला बोट लावायला सांगितलं. जोड कोमट लागत होता.

वरून तो सुरेख होता, गोल आणि चकचकीत. कटरने मधोमध तोडला तर आत तांब्याचे धागे काळपट, सोल्डर त्यांना भिजवून आत उतरलंच नव्हतं, फक्त वर टोपीसारखं बसलं होतं. तार जुन्या चार्जरची होती, तांबं आतपर्यंत काळवंडलेलं. अशा तांब्यावर कितीही सोल्डर ओता, ते धरत नाही. नवी तार घेतली, प्रत्येक टोकाला सोल्डर धरायला मदत करणारा राळेचा फ्लक्स लावून वेगवेगळं टिनिंग केलं, म्हणजे सोल्डरचा पातळ थर चढवला, आणि मग जोडलं. सोल्डर ६३/३७चं, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं, ते १८३ अंशांना वितळतं. बिट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक, तारेला टेकवायचं आणि सोल्डर तारेला द्यायचं, बिटाला नव्हे. तार तापली असेल तर सोल्डर आपणहून धाग्यांमध्ये ओढलं जातं आणि धाग्यांच्या रेषा वरून दिसत राहतात. ते पाहायला मला अजूनही आवडतं. नव्या जोडावर मीटरने सहा मिलिव्होल्ट दाखवले. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट इथे वापरू नये, तिचा अंश तारेत राहतो आणि पुढे तांबं हिरवं पडून खाल्लं जातं. आणि सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून मुलांना खाण्याआधी साबणाने हात धुवायला लावले.

परतीची धार शेवटी मुठीजवळच येते. तिथेही प्लस आणि ग्राउंडच्या दोन तारा दिल्या, की पट्टीला दोन्ही टोकांनी पॉवर मिळते. तेवढ्याने पांढरा सगळीकडे सारखा झाला.

राहिली अडकणारी धार. या एलईडींचा सिग्नल तुटला तर त्या विझत नाहीत, शेवटचा मिळालेला रंग धरून बसतात. पहिली धार रंग बदलत होती, दुसरी सेहेचाळीसाव्यापासून पुढे गोठलेली. तेव्हा दोष पंचेचाळीसच्या डेटा आउटपासून सेहेचाळीसच्या डेटा इनपर्यंतच असणार, म्हणजे पात्याच्या टोकावरच्या वळणात. चिमट्याने डेटाची तार हलकेच हलवली आणि रंग चालू-बंद झाला. तार जोडात शाबूत होती. तुटली होती त्याच्या तीन मिलिमीटर मागे, आवरणाच्या आत, जिथे शिरलेलं सोल्डर संपतं. सोल्डर शिरलं की तार ताठ होते आणि वाकण्याचा सगळा ताण ते जिथे संपतं तिथे येतो. तिथे सिलिकॉनच्या आवरणाची बारीक, जास्त धाग्यांची तार लावली, वळणात थोडी सैल सोडली आणि जोडाच्या मागे ग्लू गनचा थेंब दिला, म्हणजे वाकणं जोडापासून दूर जातं. पट्टीचं पॅड नाजूक असतं, दोन सेकंदांपेक्षा जास्त बिट टेकवलं किंवा गरम असताना तार ओढली तर ते उखडतं.

मूठ आता चिकटवलेली नाही, दोन स्क्रूंवर आहे. प्रयोगाआधी पातं पेटवून सेल मोजायचा आणि साडेतीनच्या खाली असेल तर बदलायचा, हे काम भाच्याच्या मित्राकडे दिलंय. मीटर त्याने आत्ताच दप्तरात टाकलाय.