यादी

आमच्या संस्थेचं काम तसं चाकोरीतलं. कचरा वेचणाऱ्या बायांची आधार कार्डं, रेशनकार्डं काढून द्यायची, त्यांच्या पोरांना संध्याकाळी अभ्यासाला बसवायचं. छत्रपती संभाजीनगरच्या कडेला एक वस्ती आहे, तिथल्या बऱ्याच बाया पूर्वी नारेगावच्या कचरा डेपोवर जायच्या. तिथं मी आठवड्यातून तीन दिवस जाते. एका शनिवारी त्यांच्या समाजमंदिराच्या भिंतीवर आम्ही ‘वेस्ट लँड’ लावला.

लूसी वॉकर यांचा २०१० चा हा माहितीपट ब्राझीलमधल्या रिओजवळच्या जार्दिम ग्रामाशो या डेपोवरचा आहे. विक मुनिझ हा चित्रकार तिथल्या वेचकांचे फोटो काढतो, ते गोदामाच्या फरशीवर भलेमोठे करून पाडतो आणि त्यांच्याच हातांनी डेपोवरचा माल रचून त्यातून चित्रं उभी करतो. भाषा पोर्तुगीज आणि इंग्रजी, पोर्तुगीज बोलण्याखाली इंग्रजी अक्षरं, म्हणून बाजूला उभं राहून मीच मराठीत सांगत जाणार होते. मनात धाकधूक होती. दिवसभर ज्यात राबतात तेच रात्री भिंतीवर दाखवायचं? ज्याचं दुखणं त्यालाच दाखवणाऱ्या आपण कोण?

पडद्यावर पहिला ट्रक रिकामा होऊ लागला, माणसं ढिगावर धावली आणि इकडे बाया एकदम ओरडल्या, “अगं मागून नको! चाकाकडून सर!”

त्यानंतर माझं सांगणं थांबलंच. त्याच मला सांगू लागल्या. गाडी रिव्हर्स येते तेव्हा ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, म्हणून कुठल्या अंगानं चढायचं. ओला पुठ्ठा काट्यावर जड भरतो पण भंगारवाला घेत नाही. पुढे बसलेल्या मावशींच्या हातात पाण्याची रिकामी बाटली होती. त्यांनी तिचं टोपण फिरवून काढलं, मानेवरची कडी नखानं उचकटली, बाटली पायाखाली चपटी केली आणि तिन्ही वेगवेगळं मांडीवर ठेवलं. “टोपन येगळं, कडी येगळी. बाटलीसंगं ठुलं की भाव पडतो. त्या पोरीला कुनी शिकिवलं न्हाई वाटतं.” हे सगळं बोलताना त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

सिनेमात डेपोवरच चूल मांडून सगळ्यांना रांधून घालणारी एक बाई आहे. ती दिसली तशी समाजमंदिरात कुजबुज झाली. नारेगावला अशीच एक होती म्हणे. तीन दगडांवर पातेलं ठेवून कोरा चहा करायची, पैसे नसले तरी द्यायची. कुणीतरी तिचं नाव घेतलं, पदर डोळ्याला लावला, आणि सगळ्या पुन्हा सिनेमा बघू लागल्या.

वेचकांच्या संघटनेचा तरुण अध्यक्ष टीव्हीवर मुलाखत देतो, तो प्रसंग मी मुद्दाम दोनदा लावला. आम्ही कचरा नाही वेचत, पुन्हा वापरात येणारा माल वेचतो, असं तो मुलाखत घेणाऱ्या प्रसिद्ध माणसाला तिथल्या तिथे सुनावतो. दुसऱ्यांदा लागला तेव्हा एकही बाई बोलली नाही.

संपल्यावर मी विचारणार होते, कसं वाटलं? त्याआधीच मावशींनी विचारलं, “आता हाय का तो डेपो?”

नाही, म्हटलं. २०१२ ला बंद झाला. तिथल्या साधारण १,७०० वेचकांना नुकसानभरपाई मिळाली, प्रत्येकी १४ हजार रेआलच्या आसपास. रेआल म्हणजे तिथलं चलन.

“कामून?”

कारण त्यांची संघटना होती. नावं नोंदलेली होती. ती भांडली.

मावशी बराच वेळ त्या चपट्या बाटलीकडे बघत राहिल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये आसपासच्या गावांनी नारेगावला येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि डेपो बंद पडला. त्या गावांनी घाण वास, धूर, नासलेलं पाणी वर्षानुवर्षं सोसलं होतं, त्यांची चूक होती असं मी कधीच म्हणणार नाही. पुढे महिनोन्‌महिने शहरात कचऱ्याचे ढीग साचले, कचरा टाकण्यावरून शहराच्या कडेच्या मिटमिट्यात दंगल झाली, वर्तमानपत्रं भरून गेली. कचऱ्याचं काय करायचं यावर सगळं शहर बोलत होतं. “आमी पोतं घिऊन फाटकाशी हुबं होतो, ताई,” मावशी म्हणाल्या. “तुमी किती जनी, असं विचाराया कुनी वही घिऊन आलं न्हाई.”

वेचकांची नोंद करा, त्यांना कामात सामावून घ्या, हे २०१६ च्या घनकचरा नियमांत स्वच्छ लिहिलेलं होतं. पुण्यात तर ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही वेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे. हे मला तोंडपाठ होतं, प्रशिक्षणांत मी ते सांगत आले होते. आणि चार वर्षं त्या वस्तीत जाऊन ती वही मीही उघडली नव्हती. पोरांची हजेरी माझ्याकडे होती, त्यांच्या आयांची नव्हती. याची मला त्या रात्री मनापासून लाज वाटली.

पिशवीतून हजेरीची कोरी वही काढली. मावशी सरकून जवळ बसल्या. नाव, वय, किती वर्षं डेपोवर, असे रकाने आखले. ‘काम’ या रकान्यात मी सवयीनं ‘कचरा’ एवढं लिहिलं आणि मागून एक पोरगी म्हणाली, “ताई, माल लिवा.” मी खोडलं. ‘माल वेचणे’ लिहिलं.

रात्री साडेदहापर्यंत २३ नावं झाली. वही मिटायला लागले तेव्हा मावशींनी पानावर हात ठेवला.

“चहावालीचं ऱ्हायलं.”

“मावशी, त्या तर आता...”

“व्हय, गेली. माज्या आदीपासून यायची ती. वर लिव्ह.”

वर जागा नव्हती. समासात, १ च्या डोक्यावर, मी तिचं नाव लिहिलं.