लक्ष्मीपूजनाच्या आधीचा पेपर

मी एका सरकारी ऑफिसात आस्थापनेच्या टेबलावर आहे, म्हणजे लोकांच्या रजा, वेतनवाढी, सेवापुस्तकं, हेच दिवसभर. मराठवाड्यातलं जिल्ह्याचं गाव आहे, याच्यापुढे पत्ता सांगत नाही.

२ फेब्रुवारी २०२४ चा तो जीआर आला आणि (जीआर म्हणजे शासन निर्णय) माझ्या टेबलासमोर रांगच लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर जो सरकारी नोकरीत लागला त्याला जुनी पेन्शन नाही, त्याला आधी डीसीपीएस आणि मग एनपीएस, म्हणजे पगारातून कापलेले आणि सरकारने घातलेले पैसे साठवून त्यातून मिळणारी पेन्शन. त्या जीआरने सरकारने नियम थोडा बदलला, की तुम्ही रुजू नंतर झाला असाल पण तुमच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली असेल तर तुम्हाला जुनी पेन्शन मागता येणार होती. राज्यात २६ हजारांच्या आसपास लोक यात बसतात असं तेव्हा सांगितलं होतं. सहा महिन्यांत विकल्प द्यायचा होता, एकदाच, दिला की दिला, नाही दिला तर एनपीएस चालू. (मी स्वतः २००९ ची. म्हणजे ताट वाढायला मी, जेवायला दुसरेच.)

आमच्याकडे एक ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. २००६ च्या जुलैत रुजू. त्यांच्या नियुक्ती आदेशात संदर्भ काय, तर "जाहिरात क्र. २/२००५". बस. तारीखच नाही! आता २००५ मध्ये महिने बारा, पण आपल्या कामाचे पहिले दहाच. मूळ भरतीची फाईल शोधली तर रेकॉर्ड रूमवाल्याने शांतपणे सांगितलं की ते रेकॉर्ड मुदत संपल्यावर नाश केलंय, नोंद आहे बघा रजिस्टरला. नाश केल्याची नोंद मात्र कशी व्यवस्थित ठेवलेली असते.

भाऊंच्या वैयक्तिक नस्तीत एक झेरॉक्स सापडली, पेपरातल्या कात्रणाची. मी खूश झाले आणि तारीख बघितली तर १० नोव्हेंबर २००५. नऊ दिवसांनी हुकलेलं. साहेबांकडे नेली तर साहेब म्हणाले, झालं मग, अपात्र, पुढची फाईल आणा. भाऊ तिथेच उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून हातात घेतली.

जेवणाच्या सुट्टीत ती झेरॉक्स मी परत वाचली, नीट, पहिल्या शब्दापासून, आणि तेव्हा दिसलं की वर बारीक अक्षरात "शुद्धिपत्रक" लिहिलंय. ही मूळ जाहिरात नाहीच, अर्ज द्यायची मुदत वाढवल्याचं हे पत्रक आहे. म्हणजे मूळ जाहिरात याच्या आधीची, पण किती आधीची? भाऊंना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मला पक्कं आठवतंय, आई चकल्या काढत होती, अन् चकल्यांखाली जो पेपर अंथरला होता त्याच्यावर ती जाहिरात होती. मी तेलकट कागद तसाच फाडून ठेवला होता."

चकल्या म्हणजे दिवाळीच्या आधी. आणि २००५ ची दिवाळी कधी होती म्हणून मोबाईलवर बघितलं तर लक्ष्मीपूजन बरोबर १ नोव्हेंबरला! ज्या दिवशी पेन्शन गेली त्याच दिवशी लक्ष्मीपूजन, आता याला काय म्हणायचं. पण चकल्यांखालचा पेपर महिनाभर जुना असू शकतो, नाहीतर कालचाही. आणि आईच्या चकल्या आम्ही प्रस्तावाला पुरावा म्हणून लावणार कशा.

मग दुपारून अर्धा दिवस रजा टाकून मी, भाऊ आणि भाऊंच्या मिसेस असे तिघं गावातल्या जुन्या वाचनालयात गेलो. तिथले काका आधी नाहीच म्हणाले, बांधलेल्या फायली बाहेर काढत नाही, पानं तुटतात. भाऊंनी सगळं सांगितलं तेव्हा स्वतःच शिडी लावली. धूळ एवढी की मिसेस पदर नाकाला लावूनच बसल्या. ऑक्टोबरची फाईल आम्ही शेवटाकडून उलटी बघत गेलो. ३० तारखेचं पहिलं पान दिल्लीतल्या बॉम्बस्फोटांनी भरलेलं, ते बघून आम्ही थोडा वेळ थांबलोच, ते दिवस विसरायला झाले होते. मग २८, २७, २५, जागांच्या जाहिराती येत होत्या पण आमची नाही. मध्येच मिसेस म्हणाल्या, "आणि समजा सापडली, तर सरकारने भरलेले पैसे जातील ना?" प्रश्न एकदम बरोबर होता. जुनी पेन्शन घेतली की एनपीएस खातं बंद, आपण कापून दिलेले पैसे जीपीएफला (भविष्य निर्वाह निधीत) येतात पण सरकारचा हिस्सा सरकारजमा. मी त्यांना तिथेच कागदावर मांडून दाखवलं, आज मूळ वेतन ३५ हजार धरलं तर पेन्शन त्याच्या निम्मी, साडेसतरा हजार, वर महागाई भत्ता, आणि तो वाढत जातो. एनपीएसमध्ये जमा रकमेतली साठ टक्क्यांपर्यंत हातात मिळते आणि निदान चाळीस टक्क्यांची अॅन्युइटी (जमा पैशांवर दरमहा ठरावीक रक्कम देणारी योजना) घ्यावी लागते, तिला महागाई भत्ता नाही. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

१९ ऑक्टोबर. सातव्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढी. "वाहनचालक, पदे ३." भाऊंनी बोट ठेवलं आणि ते बोट उचलेनातच, शेवटी काका म्हणाले अहो घाम लागेल, कागद जुना आहे.

झेरॉक्सवर वाचनालयाचा शिक्का हवा, तर शिक्क्याची शाई वाळलेली. काकांनी पॅडवर दोन थेंब पाणी टाकलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी ती झेरॉक्स आणि शुद्धिपत्रक शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचलं आणि सही केली, बोलले काही नाहीत. मीही नाही.

त्याच संध्याकाळी शेजारच्या टेबलावरचे क्लार्क माझ्याकडे आले. तेही २००६ चेच, भाऊंच्या चार महिने मागे लागलेले. त्यांच्या जाहिरातीवर तारीख स्पष्ट आहे, जानेवारी २००६. तरी म्हणाले, "मॅडम, आमचंही एखादं शुद्धिपत्रक असेल का हो, उलटं, आधीचं?" शुद्धिपत्रक आधी कसं निघेल, हे त्यांनाही कळत होतं. तरी शनिवारी ते वाचनालयात जाऊन आले. आणि एकटे नव्हते, वेगवेगळ्या ऑफिसांतले पाच-सहा जण टेबलाभोवती बसलेले होते म्हणे, आणि काकांनी दारावर खडूने लिहून ठेवलं होतं, "२००५ ची फाईल एका वेळी एकालाच मिळेल."