वर्णपटातली न दिसणारी रेषा

सरांनी आमच्या चुंबकीय स्फटिकावर न्यूट्रॉन आदळवून मिळवलेला, न्यूट्रॉन प्रकीर्णनाचा वर्णपट क्षणभर पाहिला, ‘यात रेषा कुठे आहे?’ एवढेच विचारले आणि ते पुढच्या कामाकडे वळले. प्रश्न साधा होता, पण तो मनातून जात नाही.

रेषा असती तर ती मॅग्नॉनची, म्हणजे स्पिनांच्या लहरीची असती. सुव्यवस्थित चुंबकात एखाद्या अणूचा स्पिन, म्हणजे त्याचे इवलेसे चुंबकत्व, जरा हलला की त्याची लहर सगळ्या जालकात, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीत, पसरते, तिच्या तरंगलांबीनुसार तिची ऊर्जा ठरते आणि वर्णपटात बारीक वक्र उमटतो. आमच्या वर्णपटात मात्र सगळ्या ऊर्जांवर पसरलेला पुसट उजेड आहे. आमच्या स्फटिकात यटर्बियम या धातूचे चुंबकीय अणू त्रिकोणी जालकात आहेत. तिथे दोन शेजारी परस्परविरुद्ध उभे राहिले की तिसऱ्याला दोघांच्याही विरुद्ध होता येत नाही. अशा जालकात स्पिन शून्य तापमानालाही गोठणार नाहीत, ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांनी १९७३ साली मांडली; या न गोठणाऱ्या स्थितीला स्पिन-द्रव म्हणतात. तसे असेल, तर न्यूट्रॉनने उलटवलेला एक स्पिन दोन अर्ध्या तुकड्यांत, म्हणजे स्पिनॉनांमध्ये, फुटतो, ऊर्जा त्या दोघांत कशीही वाटली जाते आणि रेषा उरतच नाही.

याच कल्पनेच्या ओढीने मी या विषयात आलो. म्हणूनच प्रश्न लागला असावा. कारण रेषा नसण्याचे दुसरेही कारण असू शकते, आणि ते मला पहिल्यापासून माहीत आहे.

यटर्बियम मॅग्नेशियम गॅलियम ऑक्साइडमध्ये असाच उजेड दिसला, तेव्हा किती आनंद झाला होता! पण त्यात मॅग्नेशियम आणि गॅलियम एकाच प्रकारच्या जागांवर यादृच्छिकपणे बसतात. एकाचा भार +२, दुसऱ्याचा +३. त्यामुळे प्रत्येक यटर्बियमभोवतीचे विद्युतक्षेत्र थोडे वेगळे होते आणि स्पिनांमधील परस्परक्रियाही जागोजागी बदलते. २०१६ साली उष्णतावहन मोजले गेले, तेव्हा त्यात स्पिनॉनांचा वाटा आढळला नाही. पुढच्याच वर्षी, अव्यवस्था स्पिन-द्रवाचे हुबेहूब रूप घेऊ शकते, असे सैद्धांतिक गणितानेही दाखवले. ज्याला मी स्पिनॉन म्हणत आलो, ते नुसते विस्कटलेपण असेल तर? उमेदीची सगळी वर्षे मी धुक्याकडेच पाहत बसलो का?

रात्री पोटॅशियम यटर्बियम सेलेनाइडची मोजमापे पुन्हा काढून पाहिली. त्यात मॅग्नेशियम-गॅलियमसारखी सरमिसळ नाही. सुमारे ०.२९ केल्विनला त्यातले स्पिन शेजाऱ्यांशी १२० अंशांचा कोन करून व्यवस्थित होतात, म्हणजे ते स्पिन-द्रव नाही. तरीही त्यात ठळक अखंड वर्णपट दिसतो आणि त्याचे स्पष्टीकरण म्हणून स्पिन-द्रवाचे सान्निध्य सांगितले जाते. हे पाहून मन बरेच हलके झाले. म्हणजे सुव्यवस्था आणि पसरट उजेड एकाच स्फटिकात नांदू शकतात, आणि केवळ रेषेच्या असण्यानसण्यावरून कशाचाच निवाडा होत नाही. सरांचा प्रश्न योग्यच होता; फक्त त्याचे उत्तर या एका चित्रात नाही.

आता जोरदार चुंबकीय क्षेत्रात मोजायला हवे. सगळे स्पिन क्षेत्राच्या दिशेने वळले की स्पिनॉनांचा प्रश्न उरत नाही, मॅग्नॉन परत येतात. तेव्हाही त्यांची रेषा उपकरणाच्या मर्यादेपेक्षा रुंद राहिली, तर ती रुंदी बहुधा अव्यवस्थेची असेल. त्यासाठीचा अर्ज उद्या लिहायला घेतो.